आराखडा करण्याआधी कारणांचं चित्र काढा : मराठवाड्यातल्या जिल्हा आरोग्य यंत्रणेस खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक,
तसेच वैद्यकीय महाविद्यालयांच्या पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागांतील अध्यापक,
मराठवाडा

सप्रेम नमस्कार.

जिल्ह्याचा आरोग्य आराखडा तयार होतो तेव्हा त्यात तक्त्यांची कमतरता नसते. उपक्रम, उद्दिष्ट, एकक खर्च, एकूण मागणी, मागच्या वर्षीचा खर्च, शिल्लक, सगळ्याला रकाने असतात. आपल्या जिल्ह्यातली माणसं नेमकी कशामुळे आजारी पडतात असं आपल्याला वाटतं, हे लिहायला मात्र रकाना नाही. उत्तर तर आपण देतच असतो. जनजागृतीसाठी निधी मागितला की लोक अज्ञानामुळे आजारी पडतात, असं आपण मानलेलं असतं. तपासणी शिबिरासाठी मागितला की निदान उशिरा होतं म्हणून, आणि सोनोग्राफी मशीन मागितलं की यंत्र नाही म्हणून. प्रत्येक मागणीच्या पोटात कार्यकारणाचं एक मॉडेल दडलेलं असतं. ते कागदावर नसल्यामुळे कुणी तपासत नाही, खोडत नाही, त्यावर भांडतही नाही.

या पत्रातून माझी मागणी एवढीच आहे की ते मॉडेल कागदावर आणा. आधी कशामुळे काय होतं ते बाणांनी दाखवणारं चित्र, मग तक्ता. हे किती निकडीचं आहे ते मी एका प्रश्नावरून सांगते, कारण तो आपल्या दारातला आहे आणि त्याच्यासाठी आपण पुष्कळ धावाधाव करूनही तो जागचा फारसा हललेला नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या, म्हणजे गर्भाशयं, का काढली जातात?

आकडे आपल्याला पाठ आहेत, तरी मांडते. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५–१६ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण ३.२ टक्के होतं. दोन्ही सर्वेक्षणांचे वयोगट आणि पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. पण फरक इतका मोठा आहे की पद्धतीच्या फरकाने तो पुसला जात नाही.

त्यानंतर जिल्ह्यात नियम आला: खासगी रुग्णालयाने गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. नियम चांगला आहे आणि तो राहावा, असंच माझं मत आहे. पण चित्राच्या दृष्टीने त्याच्याकडे पाहा. डॉक्टरकडून ऑपरेशन टेबलाकडे जाणारा एक बाण आहे आणि नियम त्या बाणावर बसलेला आहे. डॉक्टरच्या दारापर्यंत ती बाई ज्या वाटांनी येते, त्यांतली एकही वाट या नियमाने बंद होत नाही.

या वाटा मला जमिनीवर खडूने काढलेल्या पाहायला मिळाल्या. तोडणीचा हंगाम संपवून मजुरांच्या टोळ्या गावी परतल्यानंतर एका गावच्या समाजमंदिरात आम्ही बायांबरोबर बसलो होतो. आम्ही फरशीवर मधोमध ‘ऑपरेशन’ लिहिलं आणि विचारलं, इथपर्यंत काय काय आणतं? थोडा वेळ चुळबुळ झाली. मग एक वयस्क बाई उठली आणि म्हणाली, “ते पुसा आधी. मधी उचल लिवा.”

पुढचा तासभर मग बायाच बोलत होत्या. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, दसऱ्याच्या आधी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो आणि ती एका माणसाला नाही, जोडप्याला देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याला कोण उचल देणार? म्हणून लग्न लवकर. राज्यात विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या आहेत (त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणाची २०१९–२१ ची फेरी). बीडचं प्रमाण याच्या जवळपास दुप्पट. लवकर लग्न म्हणून लवकर बाळंतपण, विशी-बाविशीत दोन-तीन लेकरं, मग कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. हा सगळा बाण त्या बायांनी उचलीपासून सुरू केला आणि नसबंदीवर आणून थांबवला. तिथून पुढे एकीने जे सांगितलं ते मी कुठल्याच अहवालात इतकं स्पष्ट वाचलेलं नाही. लेकरं झाली, नस बांधली, मग पिशवीचं काम काय उरलं, असं सगळेच धरून चालतात. नवरा तसं धरतो, सासू धरते, डॉक्टर धरतो आणि ती स्वतःही.

दुसरी वाट उसाच्या फडातून येते. पहाटे तीन-साडेतीनला उठायचं, कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात. दिवसभर वाकून तोडणी, मोळ्या बांधणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. पाणी लांब, आडोसा साडीचा, संडास नाही. पाळीतलं कापड धुवायला पाणी नाही आणि वाळवायला जागा नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, कंबर धरते. एखादा दिवस पडून राहावं म्हटलं तर खाडा लागतो आणि त्याचे पैसे जोडप्याच्या हिशेबातून कापले जातात. “पाळी आली म्हणून मुकादम खाडा सोडतोय का?” असं एक पोरगी म्हणाली, आणि बाकीच्या नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या.

तिसरी वाट दवाखान्याची. हंगाम संपल्यावर दुखणं घेऊन ती गावाकडच्या खासगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते, पिशवीला सूज आहे असं सांगितलं जातं आणि पुढे कॅन्सरची भीती. गोळ्यांनी बरं होण्यासारखा संसर्ग असला तरी गोळ्या घेत फेऱ्या मारायला तिच्याकडे वेळ नाही. ऑपरेशन म्हणजे एकदाच काय तो निकाल. पाळीची कटकट गेली तर खाडाही गेला. म्हणजे त्या क्षणी, तिच्या जागेवरून पाहिलं तर तिचा हिशेब चुकीचा नाही. जनजागृतीची पत्रकं वाटणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यायला हवं.

आणि मग त्या वयस्क बाईने शेवटचा बाण काढला. ऑपरेशनपासून निघालेला, वळून परत उचलीत शिरणारा. ऑपरेशनचे पैसे कुणाकडून आणले? मुकादमाकडून. ते पुढच्या हंगामाच्या उचलीत धरले. ऑपरेशननंतर कंबर आणखी गेली, अंडाशयही काढलं असेल तर तिशीतच हाडं दुखायला लागली, अंगाची काहिली व्हायला लागली, तोडणी कमी झाली, अंगावर बाकी राहिली. बाकी फेडायला पुन्हा तोच कोयता, आणि सोबतीला आता सून.

आरोग्याचे निर्धारक शिकवताना आपल्या विभागांत एक अर्धगोलांचं चित्र हमखास दाखवतात. डालग्रेन आणि व्हाइटहेड यांनी १९९१ मध्ये मांडलेलं. मध्ये वय, लिंग, अनुवंश, त्यावर जीवनशैली, त्यावर आप्त-समाजाचा आधार, मग कामाची आणि राहण्याची परिस्थिती, सर्वांत बाहेर अर्थकारण, संस्कृती, पर्यावरण. चित्र मोलाचं आहे. औषधोपचारापलीकडे पाहायला त्याने कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवलं. पण त्यात समाजमंदिराच्या फरशीवरचा तो वळलेला बाण बसवता येत नाही. थर एकमेकांवर असतात, त्यांच्यात कोण कुणाला ढकलतो ते दिसत नाही. आणि त्यात कुणीच राहत नाही. ‘कामाची परिस्थिती’ असते, मुकादम नसतो. ‘सामाजिक-आर्थिक घटक’ असतात, साखर कारखाना नसतो. अमेरिकन साथरोगतज्ज्ञ नॅन्सी क्रिगर यांनी १९९४ मध्ये नेमका हाच सवाल केला होता: कारणांचं जाळं तर सगळे काढतात, पण जाळं विणणारा कोळी कुणाला दिसला का?

वळलेला बाण आधीच काढून ठेवणारे दोघे आरोग्य-अर्थतज्ज्ञ कॅनडात होते, रॉबर्ट इव्हान्स आणि ग्रेगरी स्टॉडार्ट. त्यांच्या देशात १९७४ च्या लालोंद अहवालाने आरोग्याचे चार भाग पाडले होते: शरीर, पर्यावरण, जीवनशैली आणि आरोग्यसेवा. मांडणी सोपी होती, म्हणून पटकन रुजली. पण प्रत्यक्षात भर जीवनशैलीवर पडला आणि बोट माणसाकडेच वळलं. १९९० मध्ये इव्हान्स-स्टॉडार्ट यांनी नवं चित्र काढलं आणि त्यात एक बाण असा दाखवला की तो आजही अनेक डॉक्टरांना रुचणार नाही. आरोग्यसेवेवर होणारा खर्च समृद्धीला खातो, आणि समृद्धी घटली की आरोग्य घटतं. म्हणजे सेवा वाढली की आरोग्य वाढलंच असं नाही. ती सेवा कशाच्या बदल्यात घेतली हेही पाहावं लागतं. त्यांच्यासमोर श्रीमंत देशाचं अंदाजपत्रक होतं. तोच बाण आमच्या फरशीवर एका अक्षरशत्रू बाईने उचलीच्या रूपात काढला. मला याचं फार अप्रूप वाटतं, आणि रागही येतो की तिचं चित्र कुठल्या जिल्हा आराखड्यात नाही.

आपल्यापैकी कुणी म्हणेल की बायांनी काढलेलं चित्र म्हणजे पुरावा नव्हे. अगदी बरोबर. मॉडेल हा पुरावा नसतोच. पुरावा कुठे शोधायचा, हे ते सांगतं. प्रत्येक बाण खोटा ठरण्याची सोय हवी. एक अडचण मीच पुढे करते. २०१५–१६ च्या त्याच सर्वेक्षणात आंध्र प्रदेशात गर्भाशय काढलेल्या बायकांचं प्रमाण सुमारे ९ टक्के होतं, तेलंगणात सुमारे ८. तिथे काही बीडसारखी लाखोंची ऊसतोडीची वारी नाही. मग ऊसतोड हेच कारण, असं कसं म्हणणार? म्हणजे लवकर लग्न, लवकर नसबंदी आणि खासगी दवाखान्यांचा बाजार ही वाट फडाशिवायही पुरेशी ठरत असावी. फड तिच्यात भर घालतो का, घालत असेल तर किती, हे शोधता येतं. त्याच गावातल्या, त्याच वस्तीतल्या, पण तोडीला न जाणाऱ्या बायांचं प्रमाण काढा. कारखान्याजवळच्या तळावर मुक्काम ठोकून राहणाऱ्या गाडीवानांच्या बाया आणि फडामागून फड हिंडणाऱ्या टोळ्यांमधल्या बाया यांच्यात फरक आहे का पाहा. पाणी-संडास हा मोठा बाण असेल, तर सोय असलेल्या तळावर तक्रारी कमी दिसायला हव्यात. दिसल्या नाहीत तर तो बाण बारीक करा आणि दुसऱ्याकडे वळा. पीएसएम विभागातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय सापडत नाहीत, ही तक्रार मी नेहमी ऐकते. इथे चार आहेत.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत डोळ्यांदेखत दगावलेल्या एका बाळाच्या मृत्यूची कारणं मोजली, ती अठरा निघाली. अठराही दूर करेपर्यंत थांबलो तर बाळं मरतच राहणार, म्हणून त्यांनी उलट प्रश्न विचारला: साखळीतला कोणता दुवा तोडला तर बाळ वाचेल? गावातल्या बायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. पुढे नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याच्या प्रयोगात ३९ गावांमधला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये आले तेव्हा लोकांनी त्यांना सांगितलं की आधी पाणी आणि अन्न. त्यांनी ते मानलं. बोअरवेल, शेती, बायकांची मंडळं आणि गावातलीच, अनेकदा दलित, बिनशिकलेली आरोग्य कार्यकर्ती. तिथला बालमृत्युदर सुरुवातीला हजारी १७६ होता, तो दोन-तीन दशकांत तिसाच्या खाली आला. एकाने जवळचा दुवा तोडला, दुसऱ्यांनी मुळाकडे हात घातला. दोघांकडेही चित्र होतं, म्हणून कुठे हात घालायचा हे ठरवता आलं.

मग बीडमध्ये गडचिरोलीसारखा जवळचा दुवा तोडून भागेल का? मला वाटतं, नाही भागणार. बाळाच्या न्यूमोनियातून कुणाची कमाई होत नव्हती. तो दुवा तुटला तेव्हा कुणाचं बिघडलं नाही, म्हणून तो तुटलेलाच राहिला. गर्भाशयाच्या चित्रात जवळपास प्रत्येक बाणावर कुणीतरी कमावतो. खाडा न पडल्याने टोळीची तोडणी अखंड राहते, ती मुकादमाची कमाई. गाळप वेळेवर होतं, ती कारखान्याची. ऑपरेशन होतं, ती रुग्णालयाची. अशा चित्रातला एक बाण तोडला तर उरलेले त्याची जागा भरून काढतात. म्हणून माझं म्हणणं आहे की बाणावर कारण लिहा आणि त्याच्या शेजारी त्या बाणाने कुणाचं भलं होतं तेही लिहा. हा रकाना मी कुठल्याच प्रसिद्ध मॉडेलमध्ये पाहिलेला नाही. आपल्याकडे तो हवा.

आता छेदाबद्दल, म्हणजे भागाकारातल्या खालच्या आकड्याबद्दल. उपकेंद्र सपाट भागात पाच हजार लोकसंख्येला, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांना, आशा, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, साधारण हजाराला. ही लोकसंख्या कायम रहिवाशांची. आमची बाई दसरा-दिवाळीनंतर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा पार कर्नाटकात निघून जाते आणि उन्हाळ्यात परतते. ते पाच-सहा महिने गावच्या आशाच्या वहीत ती ‘स्थलांतरित’ असते आणि फडाजवळच्या आशाच्या वहीत नसतेच. तिथे गरोदर राहिली, पडली, ताप आला तर ती कुणाच्याच उद्दिष्टात धरलेली नाही. आणि ज्या हिवाळ्यात आराखड्यांची बांधाबांध होते, त्याच हिवाळ्यात ती जिल्ह्यात नसते. ग्रामसभेत मागण्या घ्यायच्या म्हणतो तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि लेकरं असतात. जिच्यासाठी चित्र काढायचं तीच चित्र काढताना हजर नाही, ही केवळ गैरसोय समजू नका. आपली मॉडेलं अशी का दिसतात, याचं ते निम्मं कारण आहे.

तेव्हा माझ्या मागण्या ठोस आहेत.

या वर्षी टोळ्या निघण्याआधी, भाद्रपद-आश्विनातच, ऊसतोडीचं प्रमाण मोठं असलेल्या प्रत्येक तालुक्यात निदान काही गावांमध्ये बायांबरोबर बसून कारणांचं चित्र काढा. बैठक संध्याकाळी घ्या, पुरुषांची वेगळी घ्या, आणि मुकादम गावातलाच असेल तर त्याला बायांच्या बैठकीत बसवू नका. जिल्ह्याचं म्हणून जे एकत्रित चित्र तयार होईल ते आराखड्याच्या पहिल्या पानावर छापा. पुढची प्रत्येक मागणी चित्रातल्या कुठल्या बाणासाठी आहे त्याचा क्रमांक तिच्यापुढे लिहा. ज्या मागणीला बाण सापडणार नाही ती का करायची, हे मग आपणच ठरवा.

ज्या बाणांना आरोग्य खातं हात लावू शकत नाही, तेही चित्रात ठेवाच. उचल, खाडा, तळावरचं पाणी यांचा मालक पुण्याचं साखर आयुक्तालय आहे, कामगार विभाग आहे, गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत ते चित्र भिंतीवर लावा आणि प्रत्येक खात्याला त्याच्या बाणापुढे उभं करा. ‘हे आमच्या अखत्यारीत नाही’ हे वाक्य त्या भिंतीसमोर उभं राहून म्हणायला जरा अवघड जाईल.

कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या सहकाऱ्यांशी बोलून हंगामी लोकसंख्येची वही सुरू करा. कोणती टोळी, कोणता कारखाना, कोणतं गट कार्यालय, हे कारखान्यांच्या करारांमध्ये असतं. ते मागून घ्या. त्या वहीवर तिथल्या आशाला मोबदला मिळेल अशी तरतूद करा, नाहीतर ती बिचारी कशाला फडात जाईल?

आणि पाळीच्या दिवसांचा खाडा माफ करून पाहायला एखाद-दुसरा कारखाना तयार होतो का, विचारा. सरकारी आदेशाची वाट न पाहता, एका हंगामापुरतं, मोजमाप ठेवून. बायांनी तो बाण सर्वांत जाड काढला होता. तो खरोखर तेवढा जाड आहे का, हे कळायला एवढा एक हंगाम पुरेसा आहे. त्या मोजमापाची आखणी करायला, नोंदींचे तक्ते बनवायला आणि फडावर जाऊन ते भरून आणायला मी आणि माझे सहकारी विनामोबदला तयार आहोत. टोळ्यांचे करार पावसाळ्यातच होतात. बोलणी त्याआधी सुरू व्हायला हवीत.

आपली,
मराठवाड्यातील एक आरोग्य कार्यकर्ती